भावकीचा कागद अर्धाच असतो: घराण्यातून येणाऱ्या हालचालींच्या आजारांवर अनुभव धागा

हंटिंग्टन (हातपाय आपोआप हलतात), वंशागत अटॅक्सिया (तोल आणि हालचालींचा मेळ जातो), विल्सन (शरीरात तांबं साठतं) यांसारखा आजार घरात असल्याची शंका आली, तर कोल्हापुरात बसून सुरुवात कुठून करायची? या कामात रोज असणाऱ्यांना लिहायची विनंती केली होती. स्वतःची कहाणी नको, दुसऱ्याला उद्या सकाळी उपयोगी पडेल ते सांगा, एवढीच अट.

जनुकीय समुपदेशक, राजारामपुरी

पहिली तपासणी रक्ताची नाही, वंशावळीची. आणि चूक तिथेच होते. "घरची माहिती लिहून आणा" म्हटलं की लोक भावकी लिहून आणतात: आजोबा, चुलते, चुलतभाऊ. लेक लग्न होऊन गेली की कागदावरूनही जाते. पण हंटिंग्टनचं जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे. लेकाइतकीच लेकीलाही ते मिळण्याची शक्यता ५० टक्के. म्हणजे तोच आजार कागल, गडहिंग्लज, निपाणीत वेगळ्या आडनावाखाली चालू असतो आणि भावकीच्या कागदावर दिसत नाही. म्हणून आत्या, आत्यांची मुलं, आजीचं माहेर, सगळं हवं. किमान तीन पिढ्या.

प्रत्येकाच्या नावापुढे मृत्यूचं वय नको, त्रास सुरू झाला ते वय लिहा. "लकवा होता", "वेड लागलं", "पिऊन झोकांड्या खायचा" हे शब्द तसेच लिहू नका, पुढे विचारा: चहाची बशी हातात स्थिर राहायची का? न पितासुद्धा तोल जायचा का? बोलणं कधी जड झालं? हात आपोआप हलायचे का? दारुडा म्हणून आयुष्यभर बोलणी खाल्लेल्या कित्येक माणसांना खरं तर अटॅक्सिया असू शकतो, हे घरच्यांना सांगणंही या कामाचाच भाग आहे.

दत्तकाबद्दल वेगळं विचारा. राजर्षी शाहू महाराज स्वतः कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ साली दत्तक आले. या गावात त्या प्रश्नाचा संकोच नसावा. भावकीतला दत्तक असेल तर रक्त तेच, बायकोच्या माहेरचा असेल तर वेगळं.

नात्यातलं लग्न "नात्यात केलंय का?" असं विचारलं की उत्तर बऱ्याचदा "नाही" येतं, कारण मामाची मुलगी करणं इकडे वेगळं वाटतच नाही. "सासूबाई लग्नाआधी तुमच्या कोण लागत होत्या?" असं विचारा. आते-मामे भावंडांच्या मुलात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता १६ त १ असते, मामा-भाचीच्या मुलात ८ त १. विल्सन आणि फ्रीड्रिक अटॅक्सिया (अटॅक्सियाचाच एक प्रकार) दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच होतात, म्हणून ते या वाटेने येतात. तिथे आईवडील ठणठणीत असतात, म्हणून "आमच्यात कुणालाच नव्हतं" हे उत्तर त्या आजारांना वगळत नाही.

रेणवीय निदान प्रयोगशाळेतून

सगळ्यात महाग चूक ही: अटॅक्सियाच्या रुग्णाची थेट एक्झोम तपासणी (जनुकांचे प्रथिनं बनवणारे भाग एकदम वाचणं) करणं आणि "काही सापडलं नाही" म्हणून समाधान मानणं. हंटिंग्टन आणि वारंवार सापडणाऱ्या वंशागत अटॅक्सियांत जनुकातला एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा छापला गेलेला असतो. नेहमीच्या एक्झोममध्ये लहान तुकडे वाचून जोडतात, त्यात ही लांबी नीट मोजली जात नाही. फ्रीड्रिकमधला पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, जीएए, तर एफएक्सएन जनुकाच्या पहिल्या इन्ट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिन न बनवणाऱ्या भागात आहे. एक्झोमची नजर तिथे जातच नाही. चिठ्ठीवर "एससीए १, २, ३, ६, ७, १२ आणि फ्रीड्रिक, रिपीट तपासणी" असं स्पष्ट लिहून घ्या; एससीए म्हणजे वंशागत अटॅक्सियाचे क्रमांक दिलेले प्रकार, रिपीट म्हणजे तो पुन्हा पुन्हा येणारा तुकडा. भारतात एससीए २ वारंवार सापडतो. एससीए १२ हाताच्या कंपाने सुरू होतो आणि मुख्यतः उत्तरेकडच्या अगरवाल समाजात आढळला आहे, पण म्हणून इथे यादीतून काढू नये.

अहवालाच्या आलेखात (प्रत्येक शिखर म्हणजे जनुकाच्या प्रतीची एक लांबी) एकच शिखर दिसलं तर दोन अर्थ होतात: दोन्ही प्रती सारख्याच लांबीच्या आहेत, किंवा दुसरी इतकी लांब आहे की साध्या पीसीआरला (जनुकाच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तपासणीला) ती वाढवताच आली नाही. ट्रिप्लेट-प्राइम्ड पीसीआर (लांब रिपीटही पकडणारी पीसीआर) केल्याशिवाय त्याला "नॉर्मल" म्हणू नये. केली का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

हंटिंग्टनचे आकडे: सीएजी हा तुकडा किती वेळा येतो ते मोजतात, २६ पर्यंत नेहमीचं. २७ ते ३५ मध्ये त्या माणसाला आजार होत नाही, पण पुढच्या पिढीत आकडा वाढू शकतो, विशेषतः वडिलांकडून येताना. ३६ ते ३९ मध्ये होईल किंवा होणारही नाही. ४० किंवा त्याहून जास्त असेल तर, माणूस पुरेसं जगला तर होतोच. आकडा मोठा तसं सुरू होण्याचं वय साधारण लहान, पण एका माणसाची तारीख त्यातून काढता येत नाही. ती काढून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

नमुना: ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) जांभळ्या टोपणाची नळी, ३ मिली, आठ-दहा वेळा हळू उलटीसुलटी केलेली. हिरव्या टोपणाची नको, हेपॅरिन पीसीआर अडवतं. फ्रीझरमध्ये ठेवू नका. पुण्या-मुंबईला पाठवायचा तर सोमवार ते बुधवार, म्हणजे रविवारी कुठे पडून राहणार नाही.

मेंदूविकार तज्ज्ञ

जनुकांच्या मागे लागण्याआधी बरे होण्याजोगे आजार तपासा, हा क्रम मी कधीच बदलू देणार नाही. रक्तातलं व्हिटॅमिन ई एवढ्यासाठी, की टीटीपीए जनुकातल्या दोषाने होणारा अटॅक्सिया हुबेहूब फ्रीड्रिकसारखा दिसतो आणि जास्त मात्रेच्या व्हिटॅमिन ईने तो थांबवता येतो.

आणि विल्सन. तरुण मुलाला कंप, बोलणं बिघडणं, अक्षर बिघडणं यांपैकी काही असेल तर डोळ्यांत तांब्याचं कडं आहे का ते पाहणारी स्लिट लॅम्प तपासणी, सेरुलोप्लाझ्मिन (रक्तात तांबं वाहणारं प्रथिन) आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबं. लघवी गोळा करण्यात घोळ होतो. सकाळची पहिली टाकून द्यायची आणि वेळ लिहायची, मग दुसऱ्या दिवशीची पहिली धरून प्रत्येक थेंब प्रयोगशाळेने दिलेल्या धातूमुक्त प्लास्टिकच्या डब्यात. एक वेळची सांडली तरी पुन्हा पहिल्यापासून. उपचार न घेतलेल्या रुग्णात १०० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की संशय दाट होतो. सेरुलोप्लाझ्मिन गरोदरपणात किंवा शरीरात सूज असताना वाढतं, तेव्हा नॉर्मल आकड्याने फसू नका.

पेनिसिलामाइन (तांबं शरीराबाहेर काढणारी विल्सनची गोळी) जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी, सोबत व्हिटॅमिन बी ६. सुरुवात अगदी कमी मात्रेने, कारण पहिल्या आठवड्यांत काही जणांचा कंप वाढतो. तो वाढला की घरचे गोळी बंद करतात. ते करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बरं वाटल्यावर औषध सोडणंही जिवावर बेततं. तांब्याच्या कळशीतलं पाणी बंद. कलेजी, खेकडे-शिंपल्या बंद. तीळ आणि शेंगदाण्याचं कूट पहिलं वर्षभर शक्य तितकं कमी. इकडच्या स्वयंपाकात ते अवघड आहे, पण वाटणात ओलं खोबरं चालवून घेता येतं.

सख्ख्या भावंडांची तपासणी लक्षणं नसतानाही करा. चार जणांत एकाला आजार असू शकतो, आणि त्रास सुरू होण्याआधी गोळी सुरू झाली तर तो टाळता येतो.

फिजिओथेरपिस्ट, शाहूपुरी

वरचं सगळं होईपर्यंत माणूस पडू नये आणि त्याला ठसका लागू नये. कोल्हापुरी चप्पल बंद, कितीही आवडीची असो: टाचेला पट्टा नाही, चामड्याचा तळ ओल्या फरशीवर सरकतो. टाच धरून ठेवणारा, पातळ आणि कडक तळाचा बूट घ्या. जाड मऊ स्पंजचे बूट नको, पायाला जमीन कळत नाही.

खाण्यात सगळ्यात धोक्याचं म्हणजे पातळ आणि घट्ट एकत्र: मिसळ, फोडी घातलेला रस्सा. रस्सा घशात आधी उतरतो, फोड तोंडातच असते. तांबडा-पांढरा द्यायचाच तर मटण बारीक करून त्यातच दाट करा. गिळताना हनुवटी छातीकडे, टीव्ही बंद, आणि घास संपेपर्यंत कुणी प्रश्न विचारायचा नाही.

जनुकीय समुपदेशक, राजारामपुरी

राहिलेलं एक. लक्षणं नसलेल्या मुलांची हंटिंग्टनची तपासणी १८ वर्षांआधी करू नये, आईवडिलांनी आग्रह धरला तरी. मोठ्यांची करायची तर रक्त देण्याआधी किमान दोन भेटी, निकाल समोर बसून, आणि त्या दिवशी सोबत येणारा माणूस असा निवडा की ज्याला स्वतःला हा धोका नाही. भाऊ आणला तर एका निकालाने दोघं कोसळतात. गर्भाची तपासणी हवी असेल तर घरातला नेमका दोष आधी माहीत असावा लागतो, त्यामुळे दिवस राहण्याआधीच या. वारेचा नमुना साधारण ११ ते १३ आठवड्यांत घेतात, गर्भजल १६ आठवड्यांनंतर. त्याच वेळी आईच्या रक्ताची एक ईडीटीए नळीही द्या. गर्भाच्या नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या असतील तर ते या नळीमुळेच ओळखता येतं.