"टेन्शन घेऊ नका" म्हणजे नेमके काय करायचे?

धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा)

मंडळी, नमस्कार. माझे वय 44 असून सहा एकर कोरडवाहू शेती आहे. कापूस आणि त्यात तुरीच्या ओळी, हे नेहमीचे पीक. दिवाळीपासून रात्री तीन-साडेतीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. तेव्हा दात आवळलेले असतात, मान आखडलेली असते आणि छातीवर कापसाचे गाठोडे ठेवल्यासारखे वाटते. तालुक्याच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, साखर आणि रक्तदाब तपासला. सर्व ठीक निघाले. "टेन्शन घेऊ नका," एवढे सांगून त्यांनी पुढच्या रुग्णाला बोलावले. परतताना एसटीत मी विचार करत होतो की टेन्शन मी घेतो कुठे, ते तर आपणहून येऊन बसते.

ताणामुळे शरीरात नेमके काय होते, आणि निवांत होणे ही शिकता येण्याजोगी गोष्ट आहे काय? मी दुपारी मुद्दाम आडवा पडतो तेव्हा धडधड उलट वाढते. "योग करा" असे एका ओळीचे उत्तर कृपया देऊ नये.

निवृत्त मास्तर (वर्धा जिल्हा)

भाऊ, आपण कधी जागलीला गेला असालच. रानडुकरांचा कळप तुरीत शिरण्याच्या भीतीने माणूस मचाणावर बसतो, तेव्हा पान हलले तरी कान टवकारतात, हात आपोआप काठीकडे जातो. संकट दिसताच लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी शरीर कशी तयारी करते, हे अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 च्या सुमारास मांडले. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथी अॅड्रेनालिन सोडतात, ठोके वाढतात, स्नायू ताठतात, पचन मंदावते. डुक्कर पळून गेले की ही तयारी थोड्याच वेळात ओसरते. मात्र सोसायटीचे कर्ज, कापसाचा भाव आणि मुलांचे शिक्षण ही संकटे पळून जाणारी नसल्यामुळे शरीर रात्रंदिवस जागलीवरच राहते. कॉर्टिसॉल हे दुसरे, सावकाश काम करणारे संप्रेरक पुन्हा पुन्हा पाझरत राहते आणि झोपेची वीण उसवते. या संप्रेरकाची पातळी निरोगी माणसातही पहाटेच्या सुमारास आपोआप वाढू लागते, त्यामुळे ताणलेल्या माणसाला नेमकी त्याच वेळी जाग येण्यात फारसे नवल नाही.

आता निवांत होण्याविषयी. हृदयाचे ठोके आपल्या हुकमाने मंद होत नाहीत, पण श्वास काही अंशी आपल्या हातात आहे. मनगटावर बोटे ठेवून पाहा: श्वास घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंदावते. म्हणून चार अंक मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा अंकांपर्यंत सोडावा. मिनिटाला सहा श्वास होतात. जोराने किंवा घाईने श्वास घेतल्यास चक्कर येते, म्हणून तसे करू नये.

दुसरी रीत शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांची, 1929 पासून प्रसिद्ध असलेली. तळपायापासून कपाळापर्यंत एकेक स्नायू पाच-सात सेकंद आवळायचा आणि मग एकदम सैल सोडून तो फरक लक्षपूर्वक अनुभवायचा. आपला जबडा आवळलेला आहे हे आपल्याला जाग आल्यावर कळते. या सरावाने ते दिवसा, डवरा हाकतानाही कळू लागते. आडवे पडल्यावर धडधड वाढल्यासारखी वाटते, कारण हात रिकामे झाले की सगळे लक्ष छातीकडे जाते. त्यामुळे सुरुवात बसून करावी, आणि मन बरे असताना करावी. गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी पेरणीच्या तिफणीला कोणी जुंपत नाही.

जाता जाता एक सांगतो. आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना सायंकाळी होते. भक्ती ज्याची त्याची, परंतु संथ लयीत ओळ म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो आणि शेजारी माणसे असतात, या दोन्ही गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

उपकेंद्रातील सेविका

मास्तरांनी सांगितले ते योग्यच आहे, पण भाऊ, आपण खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाता काय, हे आधी सांगावे. आपल्याकडे ताण आला की माणूस पानठेल्यावर जाऊन खर्रा घोटून घेतो आणि त्याने बरे वाटते असे म्हणतो. वास्तविक तंबाखूतले निकोटिन तेच अॅड्रेनालिन सोडायला लावते. बरे वाटते ते बहुधा तलफ भागल्यामुळे. रात्री घेतलेली दारू झोप आणते, पण दोन-तीन तासांनी तीच झोप मोडते. दिवेलागणीनंतरचा चहाही बंद करून पाहावा.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. फवारणी करून आल्यावर छाती भरून येणे, घाम सुटणे, लाळ गळणे किंवा नजर अंधूक होणे असे काही झाले, तर त्याला टेन्शन समजून श्वास मोजत बसू नये. ती विषबाधा असू शकते आणि तातडीने दवाखाना गाठला पाहिजे. 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, हे कोणी विसरलेले नाही. छातीतले दुखणे हातात किंवा जबड्यात उतरले, चालताना वाढले, तरीही थांबू नये, मग मागचा ईसीजी कितीही चांगला असो.

जगणे नकोसे वाटण्याचा विचार मनात आला, तर 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर बोलावे. 2022 पासून ही मोफत सेवा चोवीस तास सुरू आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

सोयाबीनवाला (वाशीम जिल्हा)

सर्वांचा आदर राखून म्हणतो, श्वास मोजल्याने सोयाबीनचा भाव वाढत नाही. शेतकऱ्याला निवांत व्हायला शिकवणे म्हणजे त्याच्या अडचणीचा दोष त्याच्याच माथी मारणे, असे मला कधी कधी वाटते. मला स्वतःला झोप लागू लागली ती सोसायटीच्या गटसचिवांसमोर बसून कोणाचे किती देणे आहे हे एका वहीत लिहून काढल्यावर. मुदतीत फेडलेल्या 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जावर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज पडत नाही, आणि मी मात्र आधी हातउसने फेडत होतो! वहीतला आकडा डोक्यातल्या आकड्यापेक्षा लहान निघाला.

निवृत्त मास्तर

भावाबद्दल आपले म्हणणे मान्य आहे. श्वासाने कर्ज फिटत नाही. पण चार रात्री न झोपलेल्या माणसाच्या हातून तो हिशेबही नीट होत नाही, म्हणून दोन्ही हवे.

धुऱ्यावरचा

सर्वांचे आभार. अकरा दिवस झाले. श्वासाचा सराव रोज सकाळी गोठ्यात दहा मिनिटे करतो. स्नायू आवळण्याचा सराव रात्री सौभाग्यवतींच्या देखत करायला संकोच वाटला, आता त्याही करतात. जाग अजूनही येते, परंतु काल सव्वाचारला आली आणि दात आवळलेले नव्हते. वही अर्धी लिहून झाली आहे. ताई, आपण विचारले म्हणून खरे सांगतो, दिवसाला चार खर्रे होते, ते दोनवर आले आहेत. संध्याकाळचा मात्र अजून सुटलेला नाही.