गिम्पमध्ये पत्रिकेसाठी वळणदार नक्षी कशी काढायची?

रानजाई:
भावाच्या लग्नाची पत्रिका घरीच करतेय, गिम्प या चित्रं एडिट करायच्या सॉफ्टवेअरवर, व्हर्जन २.१०. वरती गणपती, मधे दोघांची नावं आणि नावांच्या दोन्ही बाजूंना ती वळत वळत जाणारी नक्षी असते ना, मधे जाड आणि टोकाला बारीक होत गेलेली, तशी हवीये. माऊसने ब्रश फिरवला की रेघ थरथरते आणि सगळीकडे सारखीच जाड येते. नेटवरचं रेडीमेड पीएनजी मोठं केलं की कडा फाटतात. पेन टॅब्लेट नाहीये. काही जुगाड आहे का?

शाईदौत:
जुगाड कशाला, सरळ रस्ता आहे ताई. ब्रशने काढूच नका, पाथ टूल (बिंदू जोडून रेघ आखायचं साधन) घ्या, कीबोर्डवर बी दाबलं की येतं. आधी नवीन ट्रान्सपरंट लेयर, म्हणजे पारदर्शक थर, करा. मग क्लिक करून बटण न सोडता ओढायचं म्हणजे बिंदूला दोन दांड्या फुटतात, त्या जिकडे ओढाल तिकडे रेघ झुकते. बिंदू जितके कमी तितकं वळण सुबक, नवीन लोक इथेच दहा-दहा बिंदू टाकून बसतात आणि मग रेघेला पोक येतं. साध्या एस आकाराला तीन पुरतात. टोकाच्या गुंडाळीला प्रत्येक पाव वळणावर एक द्या आणि आत जाल तशा दांड्या आखूड करा.

आकार जमला की पेंटब्रश निवडून कडक गोल ब्रश घ्या, साईझ १२-१५, आणि डायनॅमिक्समध्ये (दाबाप्रमाणे ब्रश बदलायची सेटिंग) प्रेशर साईझ लावा. मग एडिट मेनूत स्ट्रोक पाथ, तिथे पेंट टूलने स्ट्रोक, टूल पेंटब्रश, आणि खालच्या इम्युलेट ब्रश डायनॅमिक्सवर टिक. दोन्ही टोकं आपोआप बारीक होतात. एकच बाजू काढा, लेयर डुप्लिकेट करून शिफ्ट एफने फ्लिप केली की झाली दुसरी.

कोरलकाका:
छापायला देणार असाल तर थोडं थांबा. प्रेसमध्ये बसतो म्हणून सांगतो, अशा फायली येतात त्या बहुतेक स्क्रीनच्या साईझच्या, मग छपाईत नक्षी धुरकट दिसते आणि बोलणी आम्ही खातो. पाच बाय सात इंचाची पत्रिका ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे १५०० बाय २१०० पिक्सेल, निदान तेवढ्यावर काम करा. त्याहून बरं म्हणजे नक्षी इंकस्केपमध्ये करा, फुकट आहे आणि व्हेक्टर (ठिपक्यांऐवजी आखलेल्या रेषांची) असल्यामुळे कितीही मोठी केली तरी फाटत नाही. तिथे पेन टूलच्या वरच्या पट्टीत शेप असतो, तो इलिप्स केला की काढतानाच मधे जाड आणि टोकाला निमुळती रेघ येते. गुंडाळीसाठी स्पायरल टूल वेगळं आहेच.

गिम्पमधलं केलेलं वाया जाणार नाही, पाथच्या टॅबमध्ये राइट क्लिक करून पाथ एक्सपोर्ट करा, एसव्हीजी (व्हेक्टर फाईल) होते, ती इंकस्केपमध्ये उघडते. जाडी मात्र सोबत येत नाही, ती पाथ इफेक्ट्समधल्या पॉवर स्ट्रोकने परत द्या. आणि प्रेसला देताना मराठी मजकूरसुद्धा कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून, द्या, नाहीतर समोर फॉन्ट नसला की वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. सोनेरी फॉईल असेल तर टोकं फार बारीक ठेवू नका, उडतात.

पिक्सेलपंत:
काका बरोबर आहेत, पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या पत्रिकेला एवढं कशाला, गिम्प पुरे. फोटोशॉपवाल्यांसाठी सांगतो, पेन टूलने पाथ काढून स्ट्रोक पाथ, त्यात ब्रश निवडून सिम्युलेट प्रेशर. फक्त आधी ब्रशच्या शेप डायनॅमिक्समध्ये साईझ जिटरचा कंट्रोल पेन प्रेशरवर हवा.

रानजाई:
दोन्ही हवंय, छापील आणि व्हॉट्सअ‍ॅपचं. एस मस्त जमला! पण स्ट्रोक केला तर रेघ सगळीकडे एकसारखीच जाड, टिक तर केलीये.

शाईदौत:
डायनॅमिक्स ऑफ राहिलं असणार. ते स्ट्रोकच्या खिडकीत नसतं, पेंटब्रशच्या टूल ऑप्शन्समध्ये बघा. आणि रेघ ठिपक्याठिपक्यांची दिसली तर तिथलंच स्पेसिंग (ठिपक्यांमधलं अंतर) ५ वर आणा. रंगाची चिंता आत्ता करू नका, लेयरचा अल्फा (पारदर्शकपणा) लॉक करून नंतर हवा तो भरता येतो.