रिपोर्टवर जंतूचं नावच बदललं, असं कसं?

प्रश्न: बाबा डायलिसिसवर आहेत, ताप आला म्हणून अॅडमिट केलं तर ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) आधी एलिझाबेथकिंगिया मेनिन्गोसेप्टिका आलं आणि चार दिवसांनी दुसऱ्या लॅबने एलिझाबेथकिंगिया अॅनोफेलिस म्हटलं. नक्की काय समजायचं? बाबा आता घरी आलेत पण माझ्या डोक्यातून जात नाहीये.

मायक्रोवाली: बाबा घरी आले हे वाचून बरं वाटलं. दोन्ही जंतू सख्खे भाऊ आहेत, वाढवायच्या प्लेटवर तशाच फिकट पिवळसर कॉलन्या, आणि मॅल्डी-टॉफ या जंतू ओळखणाऱ्या मशीनच्या जुन्या डेटाबेसमध्ये अॅनोफेलिस नव्हताच, मग मशीन जवळचं नाव देऊन मोकळं. अॅनोफेलिस २०११ मध्ये गॅम्बियातल्या अॅनोफेलिस डासाच्या आतड्यातून सापडला, म्हणून ते नाव (डास चावून होतो असं नाही हं). एलिझाबेथकिंगिया हे एलिझाबेथ किंग यांच्यावरून, त्यांनी १९५९ मध्ये तान्ह्या बाळांच्या मेंदूज्वरातला मेनिन्गोसेप्टिका हा जंतू ओळखला होता.

पूर्वा_ना: मग नवीन जात हे ठरवतं कोण?

मायक्रोवाली: पूर्ण जीनोम (जंतूचा सगळा डीएनए) जवळच्या जातीशी लावून बघतात, साम्य साधारण ९५-९६ टक्क्यांच्या खाली गेलं की वेगळी जात. शिवाय जिवंत नमुना दोन वेगळ्या देशांतल्या जंतूंच्या संग्रहात ठेवावा लागतो, त्याशिवाय नाव ग्राह्य नाही.

आयसीयू_सिस्टर: आमच्यासाठी नावापेक्षा सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट (कोणतं औषध लागू पडतं ते) महत्त्वाचा, कारण हा जंतू मेरोपेनेम या अँटिबायोटिकला सहसा दाद देत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनला २०१५-१६ मध्ये अॅनोफेलिसची साथ आली तेव्हा बहुतेक पेशंट पासष्टीपुढचे, आधीच आजारी. बाबांचे दोन्ही रिपोर्ट फाईलला लावून ठेव ताई.