वाचनालयातील पेट्यांविषयी सभासदांची मते

सचिव: नमस्कार. आपल्या बेळगावच्या टिळकवाडीतील सोसायटीच्या वाचनालयाला भेट मिळालेल्या पेट्यांत भाषाविज्ञान, बोलचालीची फ्रेंच आणि समुद्रावरची मोठी जहाजे या विषयांवरील पुस्तके निघाली आहेत. कपाटात जागा अपुरी असल्याने जुनी पुस्तके रद्दीत द्यावीत का, हे सभासदांनी कळवावे.

ए-विंग, निवृत्त प्राध्यापिका: सचिव साहेब, केवळ छपाईचे वर्ष पाहून पुस्तके बाजूला काढू नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण हे तीन विषय एकाच वेगाने जुने होत नाहीत. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकाने मराठीच्या जडणघडणीवर 1920 साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ मराठीचा इतिहास शिकणाऱ्याला आजही टाळता येत नाही. आपल्याला तर गम्पर्झ आणि विल्सन या भाषाभ्यासकांचा 1971 चा कुपवाडवरील लेख अधिक जवळचा आहे. सांगलीलगतच्या त्या गावात मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी व्यवहार करताना शब्द आपापले राखले, पण वाक्यांची घडण इतकी एकसारखी होत गेली की एका भाषेतील वाक्य दुसरीत जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून उतरवता येते, असे त्यांनी दाखवले. शहापूर-वडगावात मराठी आणि कन्नड एकाच गल्लीत ऐकत वाढणाऱ्या आपल्या मुलांनी हे वाचायलाच हवे.

सी-विंग, जहाजावरील अभियंता: काकू, आपले म्हणणे पटते. जहाजांच्या पुस्तकांना मात्र चाळणी लावावी लागेल. जहाज का तरंगते, लाटेने कलल्यावर पुन्हा सरळ का होते, जड माल तळाशी का ठेवतात, हे सांगणारी पाने शिळी होत नाहीत; नियमांची पाने होतात. 1 जुलै 2016 पासून भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही आणि 1 जानेवारी 2020 पासून इंधनातील गंधकाची सर्वसाधारण मर्यादा 3.5 टक्क्यांवरून 0.5 टक्के झाली. मर्चंट नेव्हीच्या परीक्षेला बसणारा मुलगा त्याआधीच्या पुस्तकावर विसंबला, तर त्याचे नुकसान होईल. म्हणून नियमांच्या पुस्तकांवर आवृत्तीचे वर्ष ठळक लिहून ती वेगळ्या कप्प्यात ठेवावीत. हे काम मी सुट्टीवर आहे तोवर करून देतो.

बी-विंग, फ्रेंच शिक्षिका: फ्रेंचच्या बाबतीत वर्षापेक्षा पुस्तकासोबत आवाज आहे की नाही, हे पाहावे. ‘मला ठाऊक नाही’ यासाठी पुस्तकात ‘ज न से पा’ असे वाक्य असते, पण घाईच्या बोलण्यात मधला ‘न’ गळतो, उरलेले अक्षर पुढच्यात मिसळते आणि कानावर पडते ते ‘शे पा’. शब्दाच्या शेवटी लिहिलेली कित्येक व्यंजने उच्चारली जात नाहीत, परंतु पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की त्यांतील काही पुन्हा ऐकू येतात, आणि हे कानावर पडल्याखेरीज जिभेवर बसत नाही. 2002 मध्ये युरोच्या नोटा आल्या, त्याआधीच्या संवादांत दुकानदार फ्रँक मागतो. तेवढे शिकवताना सहज सुधारता येते. सीडी हरवलेली पुस्तके मात्र नवशिक्यांच्या हाती देऊ नयेत. ती माझ्याकडे द्यावीत, मी त्यांतील संवाद मुलांना मोठ्याने वाचून दाखवीन.

सचिव: ताई, दादा, काकू, आभार. रद्दीवाल्याला तूर्त बोलावत नाही. रविवारी सकाळी दहा वाजता पेट्या सभागृहात उघडू. कृपया वेळेवर यावे.