मदत हवी आहे: इ.स.पू. 58 च्या गॉलमधल्या टोळ्यांच्या सीमा कशा आखाव्यात?

नमस्कार मंडळी,

स्ट्रॅटेजी गेमसाठी रोमन सेनापती सीझरची स्वारी सुरू होतानाच्या गॉलचा (साधारण आजच्या फ्रान्सचा) प्रांत-नकाशा करतोय. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टोळ्यांच्या मुख्य ठिकाणांवर बिंदू टाकून व्होरोनॉय बहुभुज (प्रत्येक जागा सर्वांत जवळच्या बिंदूला देणारे तुकडे) काढले: एडुईंचं बिब्राक्त, सेक्वानींचं वेसोंतियो, आर्वेर्नींचं गेर्गोविया वगैरे. अडचण अशी की ही पद्धत फक्त अंतर बघते, नद्या-डोंगर तिच्या खिजगणतीत नाहीत. एडुई-सेक्वानी सीमा सोन नदीवरच हवी, कारण प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोच्या म्हणण्यानुसार तिथल्या जकातीवरूनच दोघांचं वैर होतं. व्होरोनॉयची रेषा मात्र सोनकाठच्या शालों शहराजवळ नदी सोडून पूर्वेला सरकते. सरळ अंतराऐवजी नद्या ओलांडायला जास्त खर्च देऊन कॉस्ट-डिस्टन्स (वाटेतल्या अडथळ्यांचा खर्च धरून मोजलेलं अंतर) काढलं, तर किती पट खर्च ठेवावा? फार वाढवला तर लहान ओढ्यांवरही सीमा अडकतील, म्हणून फक्त मोठ्या नद्याच घ्याव्यात असं वाटतं.

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. मध्ययुगीन बिशपप्रांतांच्या सीमा रोमन प्रशासकीय विभागांवर बेतलेल्या, म्हणून आधाराला बऱ्या. पण वेलावी ही टोळी त्यात स्वतंत्र दिसते आणि सीझरच्या काळी ती आर्वेर्नींच्या अंमलाखाली होती. सेगुसियावी टोळीही तशीच एडुईंची अंकित. अशांना वेगळा प्रांत देऊन मांडलिक म्हणून जोडावं, की मोठ्या टोळीतच विलीन करावं? वेगळं ठेवलं तर इ.स.पू. 52 च्या सीझरविरुद्धच्या उठावात निष्ठा बदलता येते, म्हणून माझा कल तिकडे आहे.

शेवटचं: प्रांतांचे रंग एक्स्पोर्ट करताना अँटी-अलायझिंगमुळे (कडा गुळगुळीत करण्याच्या प्रक्रियेमुळे) कडेला मधल्याच छटा येतात आणि गेम त्यांना नवे प्रांत समजतो. क्यूजीआयएसमधूनच थेट कडक कडांचा रास्टर (पिक्सेलचं चित्र) काढायची खात्रीची रीत कुणी सांगेल का?