मेडिकल बिलिंगमध्ये तुम्ही कसे शिरलात? (अनुभव धागा)

होल्डवरची

माझी भाची लातूरला बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झाली. परवा तिचा फोन आला, "मावशी, इथल्या एका क्लासने मेडिकल बिलिंग-कोडिंगचा तीन महिन्यांचा कोर्स सांगितलाय. ५५ हजार फी. शंभर टक्के नोकरी म्हणतात. भरू का?" मी २०११ पासून याच धंद्यात आहे, तरी मला पटकन हो की नाही सांगता येईना. मी स्वतः शिरले तेव्हा हे कशाशी खातात तेही माहीत नव्हतं. म्हणून हा धागा. तुम्ही कसे आलात, पहिली चूक कोणती केलीत, आणि कुणी इकडे फिरकू नये, ते लिहा. क्लासच्या जाहिराती टाकू नका.

ज्यांना या कामाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत पेशंटला डॉक्टर तपासतो आणि पैसे बहुतेक वेळा विमा कंपनीकडून यायचे असतात. ते आपोआप येत नाहीत. आजाराचा कोड, केलेल्या कामाचा कोड, डॉक्टरचा दहा आकडी एनपीआय नंबर, सगळं सीएमएस-१५०० फॉर्मच्या ३३ रकान्यांत बसवून क्लेम पाठवायचा. हॉस्पिटलचा असेल तर यूबी-०४. पैसे आले तर पेशंटच्या खात्याला लावायचे, नाही आले तर फोन करून का नाही आले ते विचारायचं. यातलं बरंच काम पुणे, ऐरोली, नाशिक, नागपुरात बसून चालतं. चेन्नई आणि हैदराबाद तर आपल्याही पुढे.

माझ्यापासून सुरू करते. ऐरोलीत एआर कॉलर म्हणून लागले. एआर म्हणजे साध्या भाषेत उधारी वसुली, फक्त उधारी विमा कंपनीकडे. फोनवर अक्षरं नीट कळावीत म्हणून ट्रेनिंगमध्ये अल्फा-ब्राव्हो-चार्ली घोकून घेतलं होतं. पहिल्या खऱ्या कॉलला ३७ मिनिटं होल्ड, तीच एक पिपाणी कानात. शेवटी विमा कंपनीची बाई आली, आणि पेशंटचं आडनाव सांगताना माझ्या तोंडून गेलं, "पी ॲज इन पुणे." ती म्हणाली, "ॲज इन व्हॉट, हनी?" पलीकडचा मुलगा टेबलावर डोकं ठेवून हसत होता.

पण खरी चूक ती नव्हती. ती म्हणाली, क्लेम डिनाय झालाय म्हणजे नाकारलाय, कारणाचा कोड सीओ-९७. मी म्हणाले थँक्यू, आणि फोन ठेवला. टीएलने, म्हणजे टीम लीडरने, रेकॉर्डिंग ऐकलं. "थँक्यू कशाबद्दल? पैसे दिले का तिने?" मग खुर्ची ओढून शेजारी बसला. ९७ म्हणजे या कामाचे पैसे दुसऱ्या कामाच्या पैशांत धरले. मग कुठल्या कामात धरले ते विचारायचं. त्वचेच्या डॉक्टरने त्याच दिवशी पेशंटला तपासलंही होतं आणि तीळही काढला होता. तपासणी खरोखर वेगळी असेल आणि नोटमध्ये तसं लिहिलेलं असेल, तर तपासणीच्या कोडला २५ मॉडिफायर लागतो, म्हणजे कोडमागे जोडायचा खुणेचा आकडा. तो लावून सुधारित क्लेम चालेल का, किती दिवसांत पाठवायचा, २२ नंबरच्या रकान्यात ७ टाकून जुन्या क्लेमचा नंबर द्यायचा का, आणि फोन ठेवायच्या आधी कॉल रेफरन्स नंबर. "हे पाच प्रश्न विचारल्याशिवाय मरायचं नाही," असं तो म्हणाला. ट्रेनिंगचा महिना एकीकडे आणि ती वीस मिनिटं एकीकडे.

सत्तर_टक्के

मी बीएचएमएस. नाशिकला दोन वर्षं दवाखाना चालवला. चालवला म्हणजे उघडला आणि बंद केला. मैत्रीण कोडिंगमध्ये होती, म्हणजे डॉक्टरची नोट वाचून कोड द्यायच्या कामात, ती म्हणाली ये. घरी तीन महिने कुणाला सांगितलं नाही. सासऱ्यांच्या दृष्टीने मी अजून "प्रॅक्टिस"लाच जात होते!

मला वाटलं होतं, डॉक्टर आहोत, कोडिंग काय चीज आहे. पहिल्याच ऑडिटला आपटले. नोटमध्ये डॉक्टरने लिहिलं होतं, ताप, खोकला, प्रॉबेबल न्यूमोनिया. मी झोकात जे१८.९ टाकला, म्हणजे न्यूमोनिया. ऑडिटरने लाल केला. ओपीडीत संशयाला कोड नसतो. प्रॉबेबल, सस्पेक्टेड, रूल आउट असं काही लिहिलं असेल तर लक्षणांचाच कोड द्यायचा, म्हणून ताप आणि खोकला. मी वाद घातला की हा न्यूमोनियाच आहे, एवढं तर मला कळतं. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही पेशंट तपासला नाहीये. तुम्ही फक्त वाचलंय." झोंबलं. पण त्या दिवशी माझ्यातली डॉक्टर खुर्चीवरून उठली आणि कोडर बसली.

गुडघ्याचंही तसंच. उजवा असेल तर एम१७.११, डावा असेल तर एम१७.१२. नोटमध्ये एका ठिकाणी उजवा, खाली डावा लिहिलेलं असेल तर आपण अंदाज बांधायचा नाही, डॉक्टरला क्वेरी टाकायची. आमच्याकडे ९५ टक्के ॲक्युरसी लागते आणि एवढ्याशा आकड्याने ती घसरते.

ताई, भाचीला सीपीसी परीक्षेबद्दल नक्की सांगा. अमेरिकेतल्या एएपीसी या कोडरांच्या संस्थेची परीक्षा आहे, १०० प्रश्न, चार तास, पासिंग ७० टक्के. पुस्तकं समोर ठेवून द्यायची, तरी लोक नापास होतात, कारण पान सापडेपर्यंत वेळ संपतो. माझी दुसऱ्या फेरीत निघाली. नवखी असेल तर पदवीमागे ए लागतो, अप्रेंटिसचा, अनुभव झाला की तो गळतो. आणि जुनी पुस्तकं स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नका. आजारांचे कोड दर १ ऑक्टोबरला बदलतात, प्रोसिजरचे १ जानेवारीला. मी गेल्या सालचं पुस्तक अर्ध्या किमतीत घेतलं होतं, ते आता टीव्हीखाली आहे.

बोरिवली_फास्ट

सत्तर_टक्के, सासऱ्यांना कळलं का शेवटी?

सत्तर_टक्के

पहिल्या पगारात त्यांना कानाचं मशीन घेतलं, तेव्हा. अजून शेजाऱ्यांना "अमेरिकेचं डॉक्टरकीचं काम" असंच सांगतात.

जमाखर्च

मी बी.कॉम., मूळ सोलापूर, पुण्यात पेमेंट पोस्टिंगला, म्हणजे आलेले पैसे खात्याला लावायला, लागलो. सगळे एआर आणि कोडिंगवरच लिहितात, आम्ही म्हणजे पंगतीत मीठ वाढणारे. तरी एक हिशेब सांगतो, कारण हा कळला की निम्मं बिलिंग कळलं.

डॉक्टरचं बिल २५० डॉलर. विमा कंपनीशी ठरलेला दर ११०. मधले १४० सीओ-४५ खाली येतात, ते डॉक्टरने करारानुसार सोडून द्यायचे. ११० पैकी ३० पेशंटचा कोपे, म्हणजे त्याने स्वतः द्यायचा वाटा, तो पीआर-३ म्हणून येतो. उरलेले ८० कंपनी देते. सीओ असेल तर सोडा किंवा भांडा, पीआर असेल तर पेशंटकडे मागा. दोन अक्षरांवर सगळा खेळ.

तिसऱ्या आठवड्यात मी एका खात्यात ते १४० पेशंटच्या नावावर टाकले. कुणाच्या लक्षात आलं नाही. महिनाभराने क्लिनिककडून मेल आला, एका ७९ वर्षांच्या आजींना १४० डॉलरचं स्टेटमेंट गेलं आणि त्यांनी चेक पाठवलासुद्धा. न भांडता, न विचारता. सोबत चिठ्ठी, उशिराबद्दल माफी मागणारी. चेक परत केला, मला फक्त तंबी मिळाली. पण आमची आजी लाईट बिलाच्या रांगेत सगळ्यात पुढे उभी राहायची, बाकी राहिली तर लाज वाटते म्हणून. पेशंट बॅलन्सच्या रकान्यात आकडा टाकताना मी अजूनही हात काढून एकदा परत बघतो.

भाची कॉमर्सची असती तर मी म्हटलं असतं डोळे मिटून ये. मायक्रोबायोलॉजी आहे तर कोडिंगकडे जा.

एडिसनची_सून

मी समुद्राच्या पलीकडून लिहिते. न्यू जर्सीत आहे. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागे मिळणाऱ्या व्हिसावर, आले होते. २०१५ पासून एच-४ वाल्यांपैकी काहींना कामाची परवानगी मिळायला लागली, त्यात माझा नंबर लागल्यावर एका लहान क्लिनिकच्या फ्रंट डेस्कवर चिकटले. तुम्ही रात्री ज्यावर डोकं फोडता, त्याची सुरुवात माझ्या टेबलावर होते, म्हणून आधीच माफी मागते.

माझी पहिली चूक: मेंबर आयडीत शून्य होतं, मी ओ टाइप केलं. क्लेम परत, सीओ-३१, हा आमचा मेंबरच नाही म्हणे. भारतातल्या आमच्या टीममधल्या मुलीने कार्डाची स्कॅन कॉपी मागितली, तर मी फक्त पुढची बाजू स्कॅन केलेली. क्लेम कुठे पाठवायचा तो पत्ता आणि फोन नंबर मागच्या बाजूला. तिने मेलमध्ये लिहिलं होतं, "काइंडली स्कॅन बोथ साइड्स." त्या काइंडलीत किती शिव्या होत्या ते मला मराठी असल्यामुळे बरोबर कळलं.

आणि जानेवारी. बऱ्याच पॉलिसींचं डिडक्टिबल (कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी पेशंटने स्वतः भरायची रक्कम) १ जानेवारीला पुन्हा शून्यावरून सुरू होतं. डिसेंबरात वीस डॉलर देऊन गेलेला माणूस जानेवारीत पूर्ण बिल बघतो आणि समोर मी असते. ते आपल्याला समजावून सांगता आलं पाहिजे, शांतपणे, त्याच दिवशी पंधराव्यांदा.

सांगलीचा_बिलवाला

अहो, मेडिकल बिलिंग म्हटलं की सगळे अमेरिकेलाच जाता. मी सांगलीत एका खासगी हॉस्पिटलच्या कॅशलेस डेस्कवर नऊ वर्षं काढली. रात्रपाळीही नाही आणि हनीही नाही. पगार मात्र तुमच्यापेक्षा कमी, ते आधीच सांगतो.

आमच्याकडे कोडपेक्षा कागद. प्री-ऑथ म्हणजे आगाऊ मंजुरीचा फॉर्म, टीपीएची (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेची) क्वेरी, तिला उत्तर, त्यावर परत क्वेरी. "ताप केव्हापासून?" "बीपी आधीपासून होता का?" एका पेशंटच्या केसपेपरवर रेसिडेंटने बीपी १० वर्षं लिहिलं होतं, होतं १० दिवस. त्या एका शब्दाने क्लेम अडला. डॉक्टरला शोधून, पत्र लिहून, सही-शिक्का घेऊन संध्याकाळी सुटला.

नवीन पोराला मी आधी खोलीचं भाडं शिकवतो. पॉलिसीत खोलीची मर्यादा ३००० आणि नातेवाइकांनी हौसेने ६००० ची घेतली, तर बऱ्याच पॉलिसींत फक्त जादाचे ३००० कापत नाहीत. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं निम्म्यावर येतं. औषधं वाचतात. हे ॲडमिशनच्या वेळी सांगितलं तर दोन मिनिटांचं काम, डिस्चार्जला सांगितलं तर काउंटरवर भांडण. आम्ही भरतीच्या कागदावर लाल पेनाने लिहून नातेवाइकाची सही घ्यायला लागलो तेव्हापासून आवाज कमी झाले.

डिस्चार्ज म्हणजे आमची परीक्षा. पेशंट कपडे बदलून बसलेला, सून पिशवी भरून, बाहेर रिक्षा थांबलेली, आणि अंतिम मंजुरी आलेली नाही. आयआरडीएआय या विमा नियामकाने २०२४ मध्ये विमा कंपन्यांना बंधन घातलं, प्री-ऑथला एक तास, डिस्चार्जला तीन तास. तेव्हापासून निदान घड्याळ दाखवून भांडता येतं. महात्मा फुले योजनेचे पेशंट असतील तर पॅकेज ठरलेलं, आरोग्यमित्र मदतीला असतो, पण रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळेना की संपलं. एकाच बाईचं तीन कागदांवर सखू, सखुबाई आणि शकुंतला पाहिलंय मी.

भाची लातूरची ना? तिथल्या एखाद्या हॉस्पिटलच्या बिलिंगला सहा महिने बसव. पैसे भरण्याऐवजी थोडे मिळतील.

गेले_ते_दिवस

मी १४ महिन्यांत सोडलं. कामाचा राग नाही, काम आवडायचं. संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की आमची शिफ्ट एक तास पुढे, साडेसात ते साडेचार. लक्ष्मीपूजनाला मी बाथरूममध्ये साडी बदलून कॅबमध्ये बसले, थँक्सगिव्हिंगला मात्र सुट्टी. पित्ताने हैराण झाले, केस गळले, दुपारी झोपले की शेजारच्या काकू दार वाजवून विचारायच्या, बरं नाही का. ज्यांना रात्र मानवते त्यांनी करावं. कोडिंगला बऱ्याच ठिकाणी दिवसपाळी असते, हे मला सोडल्यावर कळलं.

आणि क्लासबद्दल: मीही भरले होते, ४० हजार. "शंभर टक्के नोकरी" म्हणजे तीन वॉक-इनचे पत्ते व्हॉट्सॲपवर आले. त्या तिन्ही ठिकाणी क्लास न केलेली मुलं रांगेत होतीच, आणि ट्रेनिंग कंपनीनेच दिलं. क्लासचं नाव लिहीत नाही, उगाच कटकट.

बोरिवली_फास्ट

+१. मी टीम सांभाळते, इंटरव्ह्यू घेते. फ्रेशरला सीओ-पीआर पाठ आहे का ते मी बघत नाही. मी अर्ध्या पानाची नोट देते आणि विचारते, यात काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग. निम्मे तिथेच अडकतात, कारण ते शब्द वाचतात, माणूस दिसत नाही. इंग्रजी फाडफाड नको, नीट ऐकू आलं पाहिजे एवढंच.

एक खरं सांगायला हवं. चार्ज एंट्री, म्हणजे बिलाची माहिती भरणं, आणि नुसतं क्लेम स्टेटस बघणं ही कामं आता बरीचशी सॉफ्टवेअर करतं. तिथून सुरुवात करा, पण मुक्काम करू नका. अडकलेला क्लेम सोडवणाऱ्याला अजून माणसं शोधतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिकडच्या एका बड्या क्लिअरिंग हाऊसवर, म्हणजे आमचे क्लेम विमा कंपन्यांकडे पोचवणाऱ्या मधल्या कंपनीवर, सायबर हल्ला झाला, आमचे क्लेम जाईनात आणि पैशांचे तपशील येईनात. तेव्हा कागदी फॉर्म भरून पोस्टाने पाठवायला कोण उपयोगी पडलं? आमच्यातल्या पन्नाशीच्या दोन बायका, ज्यांनी ते पूर्वी केलेलं होतं. पोरं त्यांच्याभोवती वह्या उघडल्यासारखी बसली होती. (वही-पेन अर्थातच आत न्यायला बंदी आहे. पेशंटची माहिती, हिपाचा कायदा.)

होल्डवरची

सगळ्यांचे आभार. भाचीला हा धागा वाचायला दिला. तिचे प्रश्न आले: रात्री घरी सोडायला कॅब असते का (असते, शिफ्ट ठरवताना लेखी विचार), आणि त्या आजींनी दुसऱ्यांदा कधी चेक पाठवला का.

सांगलीच्या दादांचं ऐकून ती सोमवारी लातूरच्याच एका हॉस्पिटलच्या बिलिंगला भेटून आली. त्यांनी महिनाभर बसून बघ म्हटलंय. क्लासलाही तिने माझ्या सांगण्यावरून एक मेसेज टाकला: नोकरी लागली नाही तर फी परत, हे लेटरहेडवर लिहून द्याल का? दोन निळ्या टिक्स आल्यात. आज चौथा दिवस.

जमाखर्च

आजींनी नाही पाठवला. मी दर महिन्याला बघतो.