मदत हवी आहे: ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर विंडोज ठेवावे की लिनक्स बसवावे?

नमस्कार. मुख्यतः मराठी लेखनासाठी मी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (फाइली साठवायची अंतर्गत चिप) असलेला छोटा लॅपटॉप घेतला आहे. विंडोज ११ ची किमान अटच एवढी आहे आणि मदरबोर्डवर कायमची जोडलेली ईएमएमसी सहसा बदलता येत नाही, त्यामुळे मोठ्या अपडेटच्या वेळी जागा अपुरी पडेल अशी काळजी वाटते. आताच सी ड्राइव्हवर जेमतेम २० जीबी उरले आहेत. त्याऐवजी लिनक्स मिंटची एक्सएफसीई (कमी क्षमतेच्या संगणकांसाठीची हलकी) आवृत्ती बसवली, तर वाय-फाय, टचपॅड आणि मुख्य म्हणजे इनस्क्रिप्ट कळफलक (माझे सारे काम त्यावरच चालते) विनातक्रार चालतील का? रिकव्हरी पेनड्राइव्ह आधी तयार करणारच आहे. अशा लॅपटॉपवर रोज काम करणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.